पहिल्याच हाकेला ओ

३ नोव्हेंबर १९७६, बुधवार

आलो एकदाचा! बोरझरी हॉल्ट म्हणजे पत्र्याची एक कचेरी, मागे दोन खोल्या, एक बाभूळ आणि दुपारी तीन-दहाला कारंज्याहून येणारी छोटी गाडी. ती इतकी सावकाश येते की माणसाने उतरावं, चहा प्यावा आणि पळत जाऊन पुन्हा बसावं. पण इथला मास्तर मी, इंद्रभान! आमच्या घराण्यातला पहिला नोकरदार. रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन ग्यानबा बरीच वर्षं इथेच आहे. त्याची बायको चंपाबाई मुकी. तिने न सांगताच गरम भाकरी आणि ठेचा आणून ठेवला. सख्ख्या भावाच्या घरी आल्यासारखं वाटलं.

४ नोव्हेंबर

ग्यानबा सांगतो, इथली गाडी बोलते! वळणावर शिट्टी अशी घुमते म्हणे, की नव्या माणसाला आपलंच नाव ऐकू येतं. "पयल्याच हाकेले ओ देजा साहेब, गाडीले मान लागते." आमची आई याच्या उलट सांगायची. ओ द्यायची ती तिसऱ्या हाकेला, भुताला तीन हाका मारता येत नाहीत. मी शिकलो-सवरलो, असल्या गोष्टींना हसणारा. गाडी वळणावर आली आणि खरोखरच बारीक, गोड आवाजात ऐकू आलं, इंद्रभाऽऽन! मी झेंडी हलवत खणखणीत ओ दिली. ग्यानबाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हातारा हळवा दिसतो.

६ नोव्हेंबर

बायकोला, ललिताला, पत्र लिहिलं. रिसोडच्या बालवाडीत ती दर शनिवारी बोलक्या गाडीच्या गोष्टीचा नवा भाग सांगते. गाडी एकेका पोराला नावाने हाक मारते आणि पोरं बेंबीच्या देठापासून ओ देतात. लिहिलं, बाईसाहेब, तुमची गाडी मला सापडली. पुढच्या रविवारी, चौदा तारखेला या. तुम्हालाही हाक मारील, माझ्यासारखी पहिल्याच हाकेला ओ द्या. पत्र गार्डाकडे द्यायला ग्यानबा स्वतः धावला. घसा जरा खवखवतो आहे. चंपाबाईने हळदीचं दूध दिलं.

८ नोव्हेंबर

आवाज पार गेला. कुजबुजही निघत नाही. आज गाडी वळणावर ओरडली, बोरझरी, बोरझरी! शब्दाच्या शेवटी माझा आवाज जरा चिरकतो. गाडीचाही तसाच चिरकला. तो माझा आवाज होता.

आणि मागच्या खोलीत कुणीतरी बाई गात होती. जाऊन पाहिलं. चंपाबाई.

९ नोव्हेंबर

ग्यानबाची कॉलर धरली. तो पायांवर पडला आणि सगळं बोलला. चार वर्षांपूर्वी गाडीने चंपाबाईला हाक मारली, तिने ओ दिली, तेव्हापासून गाडी तिच्या आवाजात बोलायची. दुसऱ्या कुणी ओ दिली की आधीच्याचा आवाज सुटतो. माझ्याआधीचे दोन मास्तर तिसऱ्या हाकेची वाट पाहत राहिले, म्हणून वाचले. "मले तिचा आवाज पाह्यजे होता साहेब. तुमचा बी येईन परत. बाई येऊन राह्यल्या न."

केसाने गळा कापला माझा! याच्या घरची भाकरी खाल्ली मी. याला भाऊ मानलं. आणि ललिताला ते पत्र मीच लिहिलं, माझ्या हाताने.

१० नोव्हेंबर

दुसरं पत्र — येऊ नको. गार्डाच्या हातात मी स्वतः दिलं. ग्यानबाकडे पाहिलंसुद्धा नाही.

१३ नोव्हेंबर

चंपाबाईच्या चुलीत अर्धं जळलेलं पाकीट. माझं अक्षर. साहेबांनी परत मागितलं, असं सांगून गार्डाकडून काढून घेतलं, ग्यानबाने कबूल केलं —

आजची गाडी गेली. आता उद्याचीच. तिच्यातच ललिता.

१४ नोव्हेंबर, रविवार

तीनला पाच कमी. पाटीवर खडूने मोठ्ठ्या अक्षरांत लिहिलं आहे — ओ देऊ नको. फलाटावर उभा राहीन.

दाराला बाहेरून कडी.

लाथा मारतो आहे. बाहेर ग्यानबा रडतो आहे. तुमच्याच भल्यासाठी, म्हणतो. बाईंनी ओ दिली नाही तर तुम्ही चंपीलाच पुन्हा ओ द्यायला लावाल, म्हणतो. चंपाबाई दाराशी येऊन म्हणाली, मले माफ करा. किती गोड आवाज आहे तिचा.

खिडकीला गज. वळणावर धूर —

ललिता डब्याच्या दारात. हिरवं पातळ. पाटी गजाला टेकवली — ती इकडे बघतच नाही — इंजिनाकडे बघून हसते आहे, तिच्या गोष्टीतल्या पोरांसारखी —

गाडीने हाक मारली. माझ्या आवाजात. ललिताऽऽ

एकदाच.

थांब, दोन हाका अजून थांब —

तिने ओ —

माझा घसा — आवाज — मला माझा आवाज ऐकू येतो आहे, मी तिचं नाव ओरड