टोले वाढवून सांगणारा माझा पोरगा

२ फेब्रुवारी, रविवार

आज भुवनेश्वर हरला. आणि घरी आला तो गाणं गुणगुणत!

लिही रविता, सांगते तसं लिही. सुधारू नको. — बरं, थोडं सुधार. पण माझं बोलणं मारून नको टाकू. आणि हे तुझ्या बापाला वाचून दाखवलंस तर उद्यापासून तुझ्या डब्यात कारल्याची भाजी.

तर भुवनेश्वर. माझा एकुलता पोरगा, तुझा बाप. हवालदार होऊन फौजेतून परत आला. लोक फौजेतून ट्रंक आणतात, कांबळं आणतात. हा गोल्फच्या काठ्या घेऊन आला! साहेबांनी जुन्या झाल्या म्हणून देऊन टाकलेल्या. आमच्या कामठ्यात गोल्फ कोणी खेळावा? पण माघ लागला की तळ्याचं पाणी पाळीपासून, म्हणजे तळ्याच्या बांधापासून, दूर सरकतं, आणि उघड्या पडलेल्या जमिनीवरचं गवत गुरं अशी चरतात की न्हाव्याने मशीन फिरवावी. तिथं ह्याने नऊ खड्डे केले. चेंडू मारत मारत खड्ड्यात घालायचा. ज्याचे टोले कमी तो जिंकला.

जास्त पिकवणारा मोठा, जास्त बोलणारा पुढारी, हेच आजवर पाहिलं. कमीवाला जिंकतो असा हा एकच खेळ. म्हणून त्याला आवडत असेल. बोलतोही कमीच.

हरला कोणाशी? गुरांच्या डॉक्टरीणबाईशी.

५ फेब्रुवारी

खड्ड्याभोवती रेतीचं गोल अंगण करतो. रेतीत ट्रॅक्टरचं जळकं तेल कालवतो, वरून लोखंडी पाइप लोळवतो, म्हणजे चेंडू सरळ घरंगळतो. ह्याला ब्राऊन म्हणतात म्हणे. हिरवळ परवडत नाही त्या छावण्यांत असंच करतात. पहाटे उठून नऊ अंगणं लोळवून येतो. घरच्या अंगणात कधी खराटा धरला नाही!

पण मी हसत असले तरी आतून बरं वाटतं. रविताची आई गेली तेव्हापासून हा कित्येक वर्षं ओसरीवर बसून समोरची भिंत बघत होता. मग एक दिवस फावडं घेऊन तळ्यात गेला. लोक म्हणाले, "चमेलीबाई, पोराले पाहा, का करून राहिला तो?" मी म्हटलं, "खड्डे करून राहिला. तुम्ही नका पडू त्यात."

९ फेब्रुवारी, रविवार

डॉक्टरीणबाईचं नाव पुष्पांजली. मागच्या साली गाईंना लस टोचायला आली होती. ह्याला चेंडू मारताना पाहून गाडी थांबवली. "माझ्याकडे पण काठ्या आहेत! जबलपूरला शिकत होते तेव्हा खेळायचे." तेव्हापासून तळं आटलं की रविवारी सकाळी दोघं तळ्यात, आणि मी पाळीवर बकऱ्या घेऊन.

जातीने ती कोहळी, आम्ही पोवार. आज तिचा चेंडू थेट पाण्यात गेला. मी ओरडले, "तुमच्या लोकांनी तळी बांधली अन् तू त्यात चेंडू पेरून राहिली!"

"मावशी, पणजोबाला माहीत असतं तर थोडं उथळ खणलं असतं त्यांनी!"

जीभ आहे पोरीला. पोरगी कसली, पंचेचाळिशी ओलांडली. मी विचारलं, लग्न? तर म्हणते, "राहून गेलं, मावशी." बस स्टँडवर छत्री राहावी तसं!

खेळाचं मात्र तिला वेड. टोले कमी करायचे आहेत. एप्रिलात नागपूरला हौशी लोकांची स्पर्धा आहे, तिथं जायचं की नाही हे ठरत नाही. "भुवनेश्वरजी फौजेत इतकी वर्षं खेळले. त्यांना हरवू लागले म्हणजे मी तयार झाले असं समजेन."

१६ फेब्रुवारी, रविवार

आज एक चोरी पकडली.

ह्या खेळात पंच नसतो. आपले टोले आपण मोजायचे, खरे सांगायचे, आणि आपल्या नावापुढे समोरच्याने लिहायचे. सगळा कारभार जिभेवर. मला अक्षर येत नाही, पण आकडा येतो — गोंदियाच्या बाजारात वांगी विकून शिकलेला आकडा आहे तो. पाचव्या खड्ड्यावर भुवनेश्वरने सहा टोले मारले. सांगितले आठ. तिने मान डोलावून आठ लिहिले.

खेळणारा माणूस टोले लपवतो. हा वाढवून राहिला!

रात्री ताट वाढताना विचारलं, "काऊन रे बाबू, सहाचे आठ कसे झाले?"

"माय, तुले दुरून दिसत नाही."

"दुरून नसंल दिसत. आता जवळून दिसून राहिलं ना!"

कान लाल झाले त्याचे. पन्नाशीचा माणूस! वरण मागितलं नाही, कोरडाच भात खाऊन उठला.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्री

नागऱ्याला देवदर्शनाला गेलो. रांगेत पुष्पांजली भेटली. योगायोगाने म्हणे. भुवनेश्वरने आज इस्त्रीचा सदरा घातला होता. तोही योगायोगाने!

९ मार्च, रविवार

पुष्पांजलीला एकोणपन्नास टोले लागले. भुवनेश्वरने स्वतःचे बावन्न सांगितले. माझ्या हिशोबाने त्रेचाळीस. ती काठी उंच करून नाचली. "मावशी! मी नागपूरला नाव देते!"

आणि हा उभा होता तिच्याकडे बघत. असा चेहरा मी त्याचा रविताची आई होती तेव्हा पाहिला होता.

इथं रविताचं पेन थांबलं. मी म्हटलं, राहू दे, हे नको लिहू. ती म्हणाली, "लिहून राहिली ना मी." खाली मान घालून लिहून राहिली आहे.

१६ मार्च, रविवार

मी घाण केली.

खेळ आटोपून पुष्पांजली पाळीवर आली. घामाघूम, खुश. "मावशी, आज पण हरवलं तुमच्या पोराला!" मला चिडवायचा मूड होता. म्हटलं, "अवं, त्याले हरवाले काठी कायले पाहिजे? तू समोर उभी राहिली का दोन टोले आपोआप वाढतात त्याचे."

ती हसली. मग हसू तसंच अडकलं. "वाढतात म्हणजे?"

मी बकरीला हाका मारायला लागले. बकरी पायाशीच उभी.

ती भुवनेश्वरकडे वळली. "सातव्या खड्ड्यावर किती मारले होते?"

खोटं बोलायला त्याला लांबून जमतं, डोळ्यांत बघून जमत नाही. म्हणाला, "पाच."

"मी सात लिहिले."

"हो."

"आणि मागच्या रविवारी?"

तो काठीच्या टोकाने रेती उकरू लागला.

"माझ्या हातानं खोटं लिहून घेतलंत, भुवनेश्वरजी. महिनाभर." आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं. काठ्या गाडीत टाकल्या आणि गेली. नागपूरला नाव देऊन बसली आहे बिचारी!

१७ मार्च

भुवनेश्वर जेवला नाही. माझ्याशी बोलला नाही. मी पण जेवले नाही. — खोटं कशाला, थोडं जेवले.

३० मार्च, पाडवा

रविवार असून ती आली नाही. मागच्या रविवारीही नाही. ब्राऊनवर म्हशी बसल्या. त्याने हाकलल्या नाहीत. ओसरीवर बसून आहे. तीच भिंत.

८ एप्रिल

आज बकरीला दोरी बांधली आणि गुरांच्या दवाखान्यात गेले. रविता म्हणाली, "आजी, बकरी तर चांगली आहे." मी म्हटलं, तू अभ्यास कर.

पुष्पांजलीने बकरीचे डोळे पाहिले, पोट दाबलं. "काय झालं हिला?"

"खात नाही."

तेवढ्यात बकरीने तिच्या ओढणीचं टोक तोंडात घेतलं आणि चावायला लागली.

"मावशी, ही तर खाते."

"मग माणूस खात नसंल. वय झालं आता, नीट सांगता येत नाही."

तिने ओढणी सोडवून घेतली. हसली नाही. मग सांगितलं — नागपूरला नऊ खड्ड्यांना एकसष्ट टोले लागले. सगळ्यांत शेवटी आली. "लोक हसले नाहीत, मावशी. ते जास्त लागलं. माझं मनगट चुकीचं फिरतं म्हणे. तिथं एका बाईनं पहिल्या टोल्यालाच सांगितलं. तुमच्या पोराला इतके रविवार दिसलं नसेल? मी आपली जिंकून राहिले होते, म्हणून चूक शोधलीच नाही."

मी मग जे होतं ते सांगितलं. "रविताच्या आईशी पत्ते खेळताना पण हा मुद्दाम हरायचा. तिले कळायचं. ती हसायची. ह्याले वाटलं, बाईमाणसाले असंच खुश करतात. दुसरं कोणी शिकवलंच नाही त्याले."

ती बराच वेळ हात धूत राहिली. "मला कोणी खुश करायला नव्हतं पाहिजे. सोबत खेळायला पाहिजे होतं."

"मग तसं सांग त्याले. मी बकरीवाली, मले गोल्फातलं काय समजते?"

"रविवारी येते म्हणावं. त्यांचे टोले मी मोजणार."

येताना बकरीला रस्त्यात केळं घेऊन दिलं. कमावलं होतं तिने.

१३ एप्रिल, रविवार

आली! हात पण मिळवला नाही. भुवनेश्वर काठी उचलायचा, ती बाजूला उभी राहून मोठ्याने मोजायची — एक! दोन! — परेडसारखं. हवालदाराला आयुष्यात पहिल्यांदा असा हवालदार भेटला.

चौथ्या खड्ड्याशी त्याचा चेंडू वीतभर अंतरावर थांबला. आता चुकवायचं म्हटलं तरी कठीण. तरी ह्याने तिच्याकडे पाहिलं. सवय! ती म्हणाली, "मारा." त्याने मारला. खड्ड्यात पुरलेला डबा वाजला.

त्याचे बेचाळीस. तिचे एक्कावन्न. नऊ टोल्यांनी हरवलं पोराने! मी पाळीवर तोंडात पदर धरून बसले. गेली आता ही, म्हटलं. कायमची गेली.

ती खाली बसली. बुटातली रेती झटकली. पाणी प्याली. आणि मनगट त्याच्यापुढे धरून म्हणाली, "कुठं चुकते ते सांगा. सगळं सांगा."

आणि माझा मुका पोरगा बोलायला लागला! अंगठा असा, कोपर तसं, खांदा आधी नाही फिरवायचा. ऊन डोक्यावर आलं तरी बोलून राहिला. सहा महिन्यांचं बोलणं एका सकाळी संपवलं. माझी आठवण कोणाला नाही. बकऱ्या घेऊन मी एकटी घरी आले.

आल्यावर त्याने तीन वेळा भात घेतला.

४ मे, रविवार

तिचे सत्तेचाळीस, ह्याचे पंचेचाळीस. हे खरे. मी मोजले.

आज दोघं भांडले. जोरात! गवतात चेंडू पायाने हलला तर टोला धरायचा की नाही. "धरायचा!" "नाही धरायचा!" "फौजेत चालत असंल, इथं नाही चालणार!" पाळीवरून जाणारे लोक थांबले. मला काय बरं वाटलं! हा माणूस भांडायचं विसरून गेला होता.

११ मे

एवढंच — आज तिने डब्यात चिवळीची भाजी आणली. मीठ जास्त. भुवनेश्वर म्हणाला, "मीठ जास्त आहे." खरं बोलायला शिकला, पण जरा जास्तच शिकला! मी टेबलाखालून लाथ मारली. ती म्हणाली, "मावशी, ती लाथ मला लागली."

८ जून, रविवार

मृग लागला. ढग नाही अजून, पण यायचे ते येतीलच. आणि मला झोप नाही.

तळं भरलं की खड्डे बुडाले. खड्डे बुडाले की खेळ बंद, थेट माघापर्यंत. मग रविवारी तिने यायचं कशाला? आमच्या बकऱ्या मी किती वेळा आजारी पाडू? आणि सरकारी नोकरी तिची, मधेच बदली झाली तर?

भुवनेश्वरला म्हटलं, "बोल ना रे तिच्याशी काही."

"बोलतो ना, माय. रोज फोनवर मनगटाचं विचारते."

"मनगटाचं!"

"मग का बोलू? खेळाचीच दोस्ती आहे ती. उगाच काही म्हटलं अन् पुन्हा गेली तर?"

टोले वाढवून सांगणारा माणूस इथं मात्र एक शब्द वाढवायला तयार नाही. भितो. भिंतीसमोरची ती वर्षं त्याला पुन्हा नको आहेत, हे मला कळतं. म्हणून जास्त रागावता पण येत नाही.

हे सांगत होते तेव्हा रविताने विचारलं, "आजी, मी बोलू का पुष्पांजली मॅडमशी?"

मी तिच्याकडे पाहिलं. "तुले चालंल?"

ती वहीतच बघत होती. म्हणाली, "बाबा आता सकाळी गाणं म्हणत उठतात. मी ऐकते ना." मग म्हणाली, "पुढे सांग. काय लिहू?"

काय लिहू म्हणते. म्हटलं, वही मिट. आज एवढंच.

२९ जून, रविवार

तळं भरलं. नऊच्या नऊ खड्डे पाण्याखाली.

सकाळी पुष्पांजली आली. काठ्यांची पिशवी नव्हती. सोबत अर्जुनीहून आलेला तिचा मोठा भाऊ होता. हातात सोयरिकीचा नारळ. रविताने चहाचे पाच कप आधीच मांडून ठेवले होते.