स्पृहाची गाडी शेवटपर्यंत धावली

क्रेगीबर्न

लाडक्या शकूस अक्काचे खूप आशीर्वाद.

मी बरी आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो. तुझ्या पायाची सूज उतरली का गं?

आपल्या यतिनने मित्रांबरोबर गराजमध्ये शर्यतीच्या गाडीची टीम काढली होती ना? एकेक मित्र नोकरीसाठी लांब डार्विन शहरात गेला. आता तो आणि बहीण स्पृहा, दोघंच उरलेत. चालवते स्पृहा, बरं का. या शर्यतीत एकमेकांना धडका देतात, ते नियमातच बसतं म्हणे; म्हणून गाडीची दारंही कायमची बंद केलेली, आत-बाहेर खिडकीतूनच. मागे तिचा हात मोडला होता. तुला मुद्दाम कळवलं नाही.

शनिवारच्या शर्यतीत गाडी मध्येच बंद पडली असती, तर खर्च देणारी कंपनी सोडून जाणार होती आणि टीम बंद. मी प्रेक्षकांत डोळे मिटूनच बसले. शेजारचा दाढीवाला म्हणाला, "नो वरीज, आजी." त्याला आजी म्हणायला स्पृहानेच शिकवलं असणार.

गाडी पाचवी आली, बंपर लोंबकळत. कंपनी राहिली. यतिन लहान मुलासारखा रडला.

गल्लीत विचारतील, पहिली आली का? सांग, स्पृहा खिडकीतून उतरली आणि स्वतःच्या पायांनी चालत माझ्याकडे आली.

तुझीच,
अक्का