कुशीतलं अत्तर

४ ऑगस्ट
आले एकदाची! ताईचं घर दोनच खोल्यांचं, पण भाऊजींनी पुढच्या खोलीतलं अर्धं कपाट माझ्यासाठी रिकामं करून ठेवलंय. छकुली चार महिन्यांची झाली. मी घेतलं की भोकाड पसरते आणि ताईच्या कुशीत गेली की नळ बंद केल्यासारखी गप्प. भाऊजी म्हणतात, तिच्या लेखी आपण सगळे पाहुणेच.

६ ऑगस्ट
नोकरीचा पहिला दिवस. आमच्या मालकीणबाई स्वतः अत्तरं जुळवतात. भिंतभर तपकिरी बाटल्या, नाजूक तराजू, हुंगायच्या कागदी पट्ट्या. दोन वर्षं त्या एकाच अत्तरामागे आहेत. खोलीभर घमघमणारं नको, अगदी जवळ आलेल्यालाच कळेल असं. अंगाचाच वास वाटावा असं. "फुलं काय, सगळेच करतात," म्हणाल्या. "मला माणूस हवंय." मी सध्या तात्पुरती आहे.

१३ ऑगस्ट
आज बाईंनी विचारलं, जिच्या कुशीत शिरावंसं वाटतं असं घरी कुणी आहे का? तिचं वापरलेलं कापड आणशील?
धुण्याच्या बादलीतून ताईची ओढणी उचलली. मागितली असती तर हसत दिली असती. मागितली नाही. हे माझ्या नावावर जमा व्हावं, तिच्या नाही, असं वाटलं. झालं, लिहून टाकलं.

१७ ऑगस्ट
ओढणी चार दिवस स्पिरिटमध्ये होती. बाईंनी अर्क गाळला, बाकीचं त्यात जुळवलं आणि एक थेंब माझ्या मनगटावर लावला. बाईंचे डोळे भरून आले. मला कायम केलं!
ओढणीला मात्र आता कसलाच वास नाही. स्पिरिटचाही नाही.
घरी आले तर छकुली ताईकडे रडत होती. माझ्या मनगटाला तोंड लावून झोपली. ताई म्हणाली, दात येत असतील.

२० ऑगस्ट
छकुली ताईच्या अंगावर पीत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, बाळ ठणठणीत आहे. बाटलीने पिते, तेही माझ्या मांडीवर.
ताईने साबण बदलला. दिवसातून दोनदा अंघोळ करते. मला विचारलं, "माझ्या अंगाला काही घाण येते का गं?" तिच्या मानेशी नाक नेलं. काहीच नव्हतं. भिंत हुंगावी तसं.
नाही म्हणाले. खोटं नव्हतं. पुढचं सांगायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग जमेना.

२३ ऑगस्ट
बाईंना विचारलं, काढलेलं परत घालता येतं का? त्या हसल्या. उतरलेला चहा परत पत्तीत जातो का, म्हणाल्या.
त्या अत्तराची एक कुपी चोरून आणली. डोकं दुखतं तर लावून बघ म्हणत ताईच्या गळ्याला चोळली. नुसत्या पाण्यासारखी ओघळली. माझ्या बोटांत मात्र मुरली. घासूनही जात नाही.

२५ ऑगस्ट
सकाळी भाऊजी दचकून उठले. शेजारी कुणी आहे हे कळलंच नाही म्हणे. नंतर मी ओट्याशी असताना मागून खांद्यावर हात ठेवून चहाचं विचारलं. मी वळले. ताई नाही हे बघून भाऊजी ओशाळायला हवे होते. ओशाळले नाहीत—

२७ ऑगस्ट
शेजारणीने जिन्यात ताईला विचारलं, कुणाकडे आलात? ताई हसून सांगत होती. हसता हसता रडली.
उद्या सांगते. नक्की.

२८ ऑगस्ट
दुपार. ताई औषध आणायला खाली गेली होती. बेल वाजली. भाऊजींनी दार उघडलं आणि कोण हवंय विचारलं. अहो, असं काय करता, म्हणाली ती.
ते माझ्याकडे वळले. "तू ओळखतेस का हिला?"
ताई बघत होती. छकुलीची मूठ माझ्या गळ्याशी. एकच शब्द पुरला असता.
मी मान खाली घातली.
त्यांनी दार लावलं—

अजून बाहेरच आहे. बेल नाही, हाक नाही. दाराखालच्या फटीशी हुंगतेय. हळूहळू, थांबून थांबून. आपलंच काही आत राहिल्यासारखं—
उठते. सगळं सांगते. छकुलीला खाली ठेवते आणि—

सोडत नाहीये. मूठ सोडत ना