यंदाचं पहिलं फुलपाखरू

२ मार्च
ठरलं. आमच्या या डोंगरातल्या गावात थंडीभर एकही फुलपाखरू दिसत नाही, तेव्हा यंदाच्या वसंतातलं पहिलं मीच बघणार. आमच्या बागप्रेमी मंडळाचा नियम सोपा आहे. जो पहिलं फुलपाखरू बघेल आणि ग्रुपवर फोटो टाकेल, तो महिनाअखेरच्या निसर्गफेरीचा लीडर. गळ्यात शिट्टी अडकवून त्याने पुढे चालायचं, बाकीच्यांनी मागून. गेली काही वर्षं ही शिट्टी शेजारच्या डेंटिस्टच्या गळ्यात आहे. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावणाऱ्या माणसाला बागेत डोकावायला वेळ मिळतो कसा, याची खरं तर चौकशी व्हायला हवी.

उद्यापासून पहाटे उठणार, असं हिला सांगितलं. ही "बरं" म्हणाली. त्या "बरं"चा सूर मला आवडलेला नाही.

३ मार्च, सकाळी ९
उठायला जरा उशीर झाला. पण ऊन तापल्याशिवाय फुलपाखरं उडत नाहीत, असं वाचलं. म्हणजे उशिरा उठणंच शास्त्रशुद्ध. उगाच अलार्म लावला होता.

५ मार्च
दुर्बीण आली. दाढ ठणकतेय सांगून ऑफिसातून हाफ डे घेतला आणि बागेत खुर्ची टाकली. शेजारी सासरेबुवा ऊन खात बसलेले. मी कुंपणावर नजर रोखून होतो, आणि हे बसल्या बसल्या, जावईबापू खार गेली बघा, जावईबापू केवढा भुंगा, असं चालूच. मी नम्रपणे सांगितलं की आपलं टार्गेट फुलपाखरू आहे, फोकस ठेवायला हवा. त्यावर ते म्हणाले, तुमच्या चपलेवर बेडूक बसलाय. होता खरा. पण चपलेवरच्या बेडकाला कुणी निरीक्षण म्हणत नाही.

संध्याकाळी फाटकाशी डेंटिस्ट भेटला. दाढ कशी आहे म्हणून त्याने विचारलं. आमचे साहेब त्याचे पेशंट आहेत, हे मला कुणीतरी आधी सांगायला नको का?

६ मार्च
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. तपशील लिहीत नाही.

८ मार्च, रविवार
सकाळीच ग्रुपवर कळवलं: मागच्या झाडावर घुबड, दिवसाढवळ्या, अजिबात हालचाल नाही, बहुधा दुर्मिळ जात. अर्धं मंडळ धावत आलं. अध्यक्ष असलेल्या मुख्याध्यापिका बाई तर पायात घरच्या सपाता घालूनच आल्या. सगळे श्वास रोखून उभे असताना सासरेबुवा बाहेर आले आणि म्हणाले, अरे वा, माझी लोकरीची टोपी सापडली वाटतं. वाऱ्याने दोरीवरून उडून गेली होती म्हणे.

बाईंनी एकदा टोपीकडे आणि एकदा आपल्या सपातांकडे पाहिलं. चहा मात्र सगळ्यांनी घेतला, दोनदा. आता त्या टोपीला कान झाकायच्या पट्ट्या आहेत, खालून बघणाऱ्याची फसगत व्हायचीच. डेंटिस्ट जाताना टोपीचा फोटो काढून गेला. असल्या माणसाच्या हातात लोक भुलीचं इंजेक्शन कसं देतात, देव जाणे.

११ मार्च
फुलपाखरांना बोलवायला पिकलेलं केळं साखरेत कालवून ताटलीत ठेवलं. मुंग्या आल्या. अलोट आल्या. मुंग्या हेसुद्धा वन्यजीवनच, असं मी म्हणालो. ती ताटली माझ्या चांगल्या सेटमधली आहे, असं ही म्हणाली.

डेंटिस्टकडेही अजून काही नाही. आज त्याच्या दिशेने तोंडभरून हसलो.

१५ मार्च, रविवार, सकाळी १०
आज नक्की. ऊन कसं छान पडलंय! भिंतीवरून पलीकडच्या बागेचाही अंदाज घ्यावा म्हणून अडगळीच्या खोलीत स्टूल आणायला गेलो. खोलीची काय दशा! खिडकीत जळमटं, चौकटीच्या कोपऱ्यात एक वाळकं पान चिकटलेलं. घाण मला खपत नाही. झाडूने जळमटं, पान, सगळं सुपलीत घेतलं आणि खिडकीबाहेर भिरकावलं. घरातली कामं मी करत नाही म्हणणाऱ्यांनी हे बघायला हवं होतं.

आता ठाण मांडून बसतो.

दुपारी १२
मागून सासरेबुवा जोरजोरात हाका मारत होते. मी वळूनही पाहिलं नाही. फोकस म्हणजे फोकस.

संध्याकाळी ६
डेंटिस्टने फोटो टाकला. केशरी पंख, काळे ठिपके, त्याच्या दोरीवरच्या टॉवेलवर ऐसपैस बसलेलं. खाली लिहिलंय: शेजाऱ्यांच्या खिडकीतून आलं, त्यांचे आभार.

मी फोन हिच्यापुढे धरला. म्हटलं, बघ, आता थापाही मारायला लागला. ही फोटोकडे बघतच राहिली. मग हिने हळूच विचारलं, अडगळीच्या खोलीत गेला होतात का? मी अभिमानाने हो म्हणालो. सुपलीचंही सांगितलं.

ही मटकन खुर्चीत बसली. ते पान नव्हतंच. थंडी सुरू झाली तेव्हा फुलपाखरू आत शिरलं होतं आणि पंख मिटून तिथं झोपलं होतं. म्हणून हिने ती खिडकी झाडलीच नव्हती, सासरेबुवांनाही मला सांगू नका म्हणून बजावलं होतं. आज दुपारी जेवणं झाली की मला हाताला धरून तिथं नेणार होती.

"अहो, हिवाळाभर जपलं हो तुमच्यासाठी," ही म्हणाली.

मला एकदम भरून आलं. इतकं माझं कुणी करेल असं वाटलं नव्हतं. शिट्टीचं त्याहून वाईट वाटलं, पण ते बोललो नाही.

संध्याकाळी ७
मुख्याध्यापिका बाईंना फोन लावला. फुलपाखरू माझ्या घरातलं, हिवाळाभर माझ्या छपराखाली राहिलेलं आणि माझ्याच हातून बाहेर पडलेलं, तेव्हा पहिलं निरीक्षण माझ्या नावावर लागायला हवं, असं मुद्देसूद मांडलं. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग एकच प्रश्न विचारला.

"पण तुम्ही ते पाहिलंत का?"

पाहिलं नाही, झाडलं, असं मला सांगावं लागलं.