जॉनचं खरं नाव

बुधवार, ४ मे १८१४

याही महिन्यात पाळी नाही. कुणाला कळायच्या आत लग्न व्हायला हवं — नाहीतर या घरातून हाकलतील, आणि दुसरीकडे कुणी उभं करणार नाही.

जॉनला सांगितलं. चांदी पुसत होता. हात थांबले नाहीत.

‘‘बघू गं. जरा दम धर.’’

चर्चमध्ये तीन रविवार लग्नाचा पुकारा करायचा तर खरं नाव लागतं, म्हटलं. या घरात टेबलावर वाढणारा नोकर कुणीही असो, त्याला जॉनच म्हणतात. याच्या आधीचाही जॉन होता.

‘‘जॉन म्हणतेस, मी ओ देतो. आणखी काय हवं?’’

मी माझं सांगितलं. मेरी नव्हे, हॅरिएट. बाईसाहेबांच्या लेकीचं तेच नाव — म्हणून आल्या दिवशीच माझं बदललं.

शुक्रवार, ६ मे

जिन्यात भेटला. भिंतीला लागून गेला.

रविवार, ८ मे

पुकारा झाला. गिरणीवाली विधवा डॉर्कस टफ, आणि कुणी अँब्रोज पेल. मागे, आम्हा नोकरांच्या बाकावर खसखस पिकली.

‘‘गिरणीसकट बायको! कोण गं हा नशीबवान?’’ स्वयंपाकीण बॅग्लीबाई.

‘‘मेला पिठातच पडला,’’ मी म्हटलं. सगळ्या फिदीफिदी हसल्या.

जॉन बुटांकडे बघत होता.

मंगळवार, १० मे

जेवताना बटलर क्रम्प म्हणाले, ‘‘जॉन शनिवारी चाललाय. गिरणी सांभाळणार. सोमवारी नवा जॉन येईल.’’

बॅग्लीबाईंनी पळी खाली ठेवली. ‘‘अगं बाई! तो पेल म्हणजे आपला जॉन!’’

मी पाव कापत राहिले. सगळा कापला.

मी हसले होते!

रविवार, १५ मे

दुसरा पुकारा. कुणाची हरकत असेल तर बोला, पाद्री म्हणाले. बोलले नाही. नंतर त्याला पायरीवर गाठलं. लग्न करीन म्हणाला होतास, म्हटलं.

‘‘मेरी, शहाणी हो. तोंड उघडलंस तर तुझीच नोकरी जाईल.’’

मेरी म्हणाला. सांगूनही!

गुरुवार, १९ मे

सकाळी बादलीत ओकले. बॅग्लीबाईंनी पाहिलं. पाणी दिलं.

नव्या जॉनला जुना कोट नीट बसला.

रविवार, २२ मे

तिसरा पुकारा. ‘‘कुणाची हरकत?’’

उभी राहिले. बॅग्लीबाईंनी झगा ओढला — मग सोडला.

‘‘नाव?’’ पाद्र्यांनी विचारलं.

‘‘हॅरिएट डन.’’

पहिल्या बाकावर बाईसाहेबांच्या हॅरिएटने मान वळवली.