जांभळी करंगळी

३ मार्च
लसवालीच्या पेटीला लाथ घातली. चांगली सणसणीत! पेटी पायऱ्यांवरून गडगडत गेली, बर्फाच्या पिशव्या फुटल्या, बाटल्यांचा चुरा झाला. बाई वाकून वेचायला लागली, तर दंड धरून तिला रस्त्यावर लोटलं. तिचं कोपर फुटलं. रक्त बघून माझा हात आखडायला हवा होता. नाही आखडला.

म्हणे, “दोनच थेंब, ताई.” माझ्या थोरल्यालाही दोनच थेंब पाजले होते. तिसऱ्या दिवशी तापाने गेला. दवाखान्यात विचारलं तर डॉक्टर म्हणाला, “त्याचा याचा काही संबंध नाही,” आणि पुढच्याला आत बोलावलं. झालं! पोटचं पोर गेलं आणि मला बसायला खुर्चीसुद्धा दिली नाही कुणी. आता माझ्या ठमीला कुणी हात लावून दाखवावा!

६ मार्च
ती परत आली. कोपराला पट्टी, सोबत पोलीस. पोलीस दाराशी दात कोरत उभा. बाई मात्र हळूच म्हणाली, “थोरल्याचं काय झालं होतं? सांगाल?”

हे मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. म्हणून जास्तच चिडले. तिच्या तोंडावर दार आपटलं. “पुढच्या फेरीला पोरीच्या करंगळीवर थेंब पाजल्याची शाई दिसली नाही, तर बघतो तुला!” पोलीस बाहेरून ओरडला.

शाईच हवी ना तुम्हाला?

९ मार्च
कारखान्यात दिवसभर कापडाच्या गठ्ठ्यांवर खुणा करते मी. जांभळं पेन. धुतलं तरी आठवडाभर निघत नाही, अगदी त्यांच्या शाईसारखंच. एक पिशवीत घालून आणलं.

५ एप्रिल
सकाळी कामावर जाण्याआधी ठमीची करंगळी रंगवली. सासूबाईंना बजावलं, “कुणी आलं तर सांगा, चौकात पाजून आणलंय.” एरवी भाजीत मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घेतात. यावर चकार शब्द नाही! माझ्या रागाला घाबरली असेल म्हातारी.

संध्याकाळी आले तर दारावर खडूने ‘झालं’ची खूण. हसू आवरेना.

६ एप्रिल
शेजारची शिंपीण आली, कडेवर तिचा भोपळ्या. काल ठमीचं बोट रंगवताना तिने खिडकीतून बघितलं होतं. “मलाही भीती वाटते गं त्या थेंबांची. याचंही बोट रंगव ना.” रंगवलं. भोपळ्या करंगळी तोंडात घालून खिदळत होता. नंतर तिच्या मागून आणखी बाया आल्या.

१० मे
दुसरी फेरी. आमच्या गल्लीतली सगळी पोरं जांभळी!

२ जून
भोपळ्याला ताप.

५ जून
ताप उतरला. शिंपिणीने त्याला उभं केलं, तर उजवा पाय ओल्या फडक्यासारखा दुमडला. पुन्हा उभं केलं, पुन्हा दुमडला. ती तशीच उभं करत राहिली, मोजत असल्यासारखी. मी खिडकीतून बघत होते.

६ जून
शिंपीण आली. हातात कापड मोजायचा लोखंडी गज. पहिला फटका खांद्यावर, दुसरा कानावर. “पाय दे माझ्या पोराचा! दे! दे!” केस धरून मला भिंतीवर आपटलं. अख्खी गल्ली बघत होती. ज्यांची पोरं मी रंगवली, त्यांनीही दगड मारले. मी हात उचलला नाही. कोणत्या तोंडाने उचलणार?

मध्ये पडली ती लसवाली. डोक्याला फडकं बांधून मी तिच्यासोबत दारोदार हिंडले. हे बोट खोटं. हेही खोटं. बाया माझ्यावर थुंकत होत्या आणि पोरांचे जबडे तिच्यापुढे उघडत होत्या.

घरी ठमीला पाजायला लसवालीला आणलं, तर सासूबाई म्हणाल्या, “ती झोपलीय. तिचं नंतर बघू.” मी ओरडले, भांडी फेकली. त्या दारातून हलल्या नाहीत.

७ जून
ठमीचं अंग कढत! सारखी तिच्या पिंढऱ्यांना चिमटे काढून बघत होते. ती रडली की जीवात जीव यायचा.

सासूबाईंनी माझा हात झटकला. “पुरे! पोरीला सोलून काढशील. दोन्ही फेऱ्यांना मी तिला चौकात नेलंय. तू कामावर गेलीस की लगेच. बोटावर शाई तुझीच होती, तुला कळणार कसं?”

“आणि भोपळ्या? बाकीची पोरं? तुम्हाला माहीत होतं, शाई खोटी आहे!”

“बोलले असते तर तुला धरून नेलं असतं. थोरला गेला तेव्हा माझाही नातू गेला होता गं. मी माझं घर बघितलं.”

आधी मी त्यांचा गळा धरला. मग पाय धरले. त्याच हातांनी.

९ जून
ताप गेला. साधाच होता.

१६ जून
ठमी दारापुढे धावत होती. शिंपीण उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. आज हातात गज नव्हता, भोपळ्या होता. खूप वेळ ठमीचे पाय बघत राहिली. मग मला विचारलं, “एकाच पेनाने रंगवलंस ना गं दोघांना?”