मोडलेल्या सुया

अंबादास दादा, जय भीम.

आपल्या दोघांच्या खांद्यावरून आपला धाकटा भाऊ देवीदास गेला. नशेनं गेला, असं सारी रांझी वस्ती म्हणते. मी म्हणत नाही. दुसऱ्याची सुई टोचून घेतल्यानं त्याला एचआयव्ही झाला, आणि ती पाळी मी आणली. जयंतीला मंचावरून मी पाचव्या शीलावर गरजले, नशा सोडा म्हणाले, आणि रोग पसरू नये म्हणून एका संस्थेनं नशा करणाऱ्यांना वाटलेल्या नव्या सुया सगळ्यांदेखत मोडायला लावल्या. नशा सुटली नाही. पाच जण एका सुईवर आले.

दवाखान्यात तो म्हणाला, "दीदी, भाषण जबरदस्त होतं तुझं. मी पण टाळ्या वाजवल्या."

हे सांगणारी दोन पत्रं मी लिहिली, पण पेटीत टाकली नाहीत. हे तिसरं आहे.

आता मी विहाराच्या वाचनालयात नव्या सुया देते, तर समितीचा अध्यक्ष म्हणून तू कुलूप ठोकलंस. वर विचारतोस, "कला, काहून शील मोडून राहिली?" दादा, जीव घेऊ नये हे पहिलं शील मी त्या दिवशीच मोडलं, पाचव्याच्या नावानं! पुन्हा मोडणार नाही. समितीनं काढलं तरी पायरीवर बसून सुया वाटीन.

सोमवारी सकाळी ये आणि ते कुलूप स्वतःच्या हातानं उघड.

तुझी बहीण,
कलावती